ट्रॅक्टर-आगाचा वाटा

दामेतकेनच्या घरात शिरणाऱ्याला आधी तिचा फ्रीझर भेटतो आणि मग दामेतकेन. दाराला लागून जी थंड खोली आहे, बूट काढायची आणि कोट टांगायची, तिथे तो ठाण मांडून बसलाय. पांढरा, लांबोडका, पेटीसारखा वरून उघडणारा. अख्खं मेंढरू आडवं निजेल एवढा. नवखा पाहुणा त्याच्यावर टोपी ठेवायला जातो आणि आतून, चुलीपासून, आवाज येतो, "टोपी उचला! तो खुंटी नाही."

असे फ्रीझर आता तारबागाताय डोंगराच्या पायथ्याला घरोघरी आहेत. थंडी पडली की घोडा कापायचा आणि त्या सोगिमवर, म्हणजे हिवाळ्याच्या बेगमीच्या मांसावर, वसंतापर्यंत घर पोसायचं, ही आमची रीत विजेच्या कितीतरी आधीची. पूर्वी बर्फ वितळायला लागलं की उरलेलं मांस वाळवा, खारवा, नाहीतर शेजाऱ्यांना बोलावून संपवा, एवढेच मार्ग होते. आता पेटीत टाकलं की झालं, असं लोकांना वाटतं. दामेतकेनला तसं वाटत नाही. तिच्या मते माणसांच्या दोन जाती आहेत: फ्रीझर बाळगणारे आणि फ्रीझर चालवणारे. दुसऱ्या जातीत गावात ती एकटीच मोडते, आणि ही गोष्ट ती कुणापासून लपवून ठेवत नाही.

तिचे नियम ऐकले की आधी हसू येतं आणि मग मान डोलवावी लागते. मांस ऊन असताना पेटीत टाकायचं नाही. कापलं की ताडपत्रीवर मांडून रात्रभर बर्फावर ठेवायचं, राखणीला कुत्रा बांधायचा, तोही जरा लांब, कारण राखणदाराचा तरी भरवसा किती धरावा. आणि मांस दगडासारखं झालं की मग आत. "बाहेर थंडी फुकट वाटली जातेय, ती आधी घ्या की! विजेला कशाला राबवता?" ऐन हिवाळ्यात ती खोलीच गोठते तेव्हा ती फ्रीझरची वायर काढून ठेवते, आणि मार्चमध्ये छपरावरून पाणी ठिबकायला लागलं की परत लावते. मांस गोळ्यासारखं बांधायचं नाही, चपटं करायचं. चपटं लवकर गोठतं आणि एकावर एक नीट बसतं. मांस संपत जाईल तशा रिकाम्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरायच्या, कारण भरलेली पेटी शांत असते आणि रिकामी सारखी कुरकुरते. भिंतीला टेकवायचा नाही, चुलीजवळ न्यायचा नाही, मोटरची जाळी हंसाच्या पंखाने झाडायची. कडेला बर्फ धरलं तर लाकडी उलथन्यानेच काढायचं. तिच्या चुलत जावेच्या, बाल्झियाच्या, नवऱ्याने एकदा ते सुरीने काढलं आणि आतली नळीच फोडली. त्यांच्या त्या पहिल्या फ्रीझरमध्ये आता कोंबड्या अंडी घालतात.

आणि या सगळ्या नियमांच्या डोक्यावरचा नियम: "आधी डोकं उघडायचं, मग झाकण." काय काढायचं, कुठून काढायचं, हे ठरल्याशिवाय झाकणाला हात लावायचा नाही. उघडं झाकण धरून विचार करत उभा राहिलेला माणूस तिला दिसला, की तो माणूस कुणाचा कोणीही असो, त्याची धडगत नसते.

"दामेत, हा फ्रीझर आहे की तुझी सासू?" बाल्झिया विचारते. ती पलीकडच्याच घरात राहते आणि दिवसातून दोनदा चहाला येते. "येता-जाता मान द्यायचा, मागे-पुढे झाडायचं, त्याच्यासमोर हळू चालायचं..."

"सासू चार गोष्टी शिकवून तरी गेली. तुझ्या फ्रीझरमधलं बर्फ बघितलंस का कधी? चार बोटं जाड! त्यात मेंढी शोधायला कुदळ लागेल."

"लागू दे. माझा फ्रीझर मला घाबरत तर नाही."

"मांसही घाबरत नाही. म्हणून तर वास मारतं."

मग दोघी हसतात आणि बाल्झिया पेला पुढे करते. उभं आयुष्य दोघींचं असंच चाललंय.

आता त्या पेटीत सगळ्यात जपून काय ठेवलेलं असायचं, ते सांगायला हवं. सोगिमचं मांस सगळंच घरचं नसतं. काही तुकडे माणसांच्या नावाचे असतात: हा व्याह्यांचा, हा काकांचा, हा लग्न होऊन गेलेल्या लेकीचा. तो माणूस दारी येईपर्यंत त्याचा वाटा राखायचा. माणसाला उशीर झाला म्हणून त्याचा वाटा दुसऱ्याच्या ताटात जात नाही. गेला तर तुम्ही त्या माणसाला मनातून काढलंत असा त्याचा अर्थ. सगळ्यात मानाचा वाटा झाम्बास, म्हणजे कमरेच्या हाडासकटचा मोठा तुकडा. दामेतकेनच्या घरचा झाम्बास ती लग्न होऊन आली त्या वर्षापासून एकाच माणसाचा. ट्रॅक्टर-आगाचा.

त्याचं खरं नाव सागिंदिक. पण नवऱ्याहून थोरल्या पुरुषाचं नाव सुनेने घ्यायचं नसतं, काहीतरी टोपणनाव पाडायचं असतं. दामेतकेनने ट्रॅक्टर-आगा, म्हणजे ट्रॅक्टरवाले दादा, पाडलं आणि ते गावाने असं उचललं की आता पोस्टमनसुद्धा सागिंदिक कोण ते विचारतो.

दामेतकेन आली रेल्वेच्या पलीकडच्या, दूरच्या गावाहून. आईबाप लहानपणीच गेलेले; वाढली ती सरकारी वसतिगृहात. लग्नात तिच्या बाजूने डोळे पुसायलाही कुणी नव्हतं. इतर सुना रुसल्या की माहेरी जायची धमकी द्यायच्या. हिची ती सोयच नव्हती, म्हणून ही रुसायलाच शिकली नाही. पहिल्याच हिवाळ्यात नवरा घोडे घेऊन डोंगरापलीकडच्या कुरणावर गेलेला, सासू अंथरुणाला खिळलेली, आणि दिवस भरायच्या आत हिला कळा सुरू झाल्या. बाहेर वादळ असं, की हात लांब केला तर पंजा दिसेना. गाडी घालायची कुणाची छाती होईना. तेव्हा शेजारच्या गल्लीतल्या सागिंदिकने, ज्याच्याशी हिचं रक्ताचं ना लग्नाचं नातं, ट्रॅक्टरला गवत वाहायची घसरगाडी जोडली. गवतात हिला निजवलं, अंगावरचा मेंढीच्या कातड्याचा कोट हिच्यावर टाकला आणि स्वतः नुसत्या बंडीवर स्टिअरिंगपाशी बसला. वाटभर केबिनचं दार उघडं ठेवून मागे ओरडत राहिला, "पोरी, बोलत राहा!" ही बोलत राहिली. बोलता बोलता शिव्या द्यायला लागली; त्याला, ट्रॅक्टरला, नवऱ्याला, घोड्यांना. "शाब्बास!" तो ओरडला. "शिव्या देणारं माणूस मरत नाही."

तालुक्याच्या दवाखान्यात दुलात जन्मला. ट्रॅक्टर-आगाच्या डाव्या कानाची पाळी त्या रात्री गोठून गेली ती गेलीच.

त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात झाम्बास त्याचा. तो यायचा, तोरवर, म्हणजे दारासमोरच्या उंच मानाच्या बैठकीवर बसायचा, चवीने खायचा, तळवे उघडून बाता, म्हणजे आशीर्वाद, द्यायचा आणि ढेकर देत घरी जायचा. कुणी म्हणालं, "दामेत, आता फिटले की उपकार," तर ती चिडायची. "फेडायला ते काय दुकान आहे? दुलात समोर दिसतो की नाही रोज? दिसतो तोवर मला आठवतं. आठवतं तोवर मी ठेवणार."

गेल्या शरदात आगाचं हृदय कुरकुरायला लागलं. बायको आधीच गेलेली. शहरात राहणारी लेक, कुनिकेय, गाडी घेऊन आली आणि त्याला उपचाराला घेऊन निघाली. गाडी दामेतकेनच्या फाटकाशी थांबली.

"यंदा माझा वाटा राहू दे, दामेत."

"का? शहरात दात काढून ठेवतात का?"

"तसं नाही गं. यायचं होतंय की नाही..."

"गवत वर आलं की या," ती म्हणाली. "मी ठेवलेला असेल." आणि एवढं बोलून ती झटकन घरात वळली, कारण डोळे भरून आलेले त्याला दाखवायचे नव्हते.

म्हणजे आता गोष्ट नुसत्या मांसाची राहिली नव्हती. तिने शब्द दिला होता, आणि मनात कुठेतरी असंही धरलं होतं की वाटा टिकला तर माणूस टिकेल. असं काही नसतं हे तिला कळत होतं. पण कळणं वेगळं आणि रात्री छातीवर हात ठेवून झोपणं वेगळं.

डिसेंबरात दुलातने घोडा कापला; बाप गेल्यापासून ते काम त्याच्याकडेच. झाम्बास पेटीत कुठे ठेवायचा यावर तिने फार विचार केला. तळाशी ठेवला तर वर सतरा गोष्टी येणार, कुणाचा तरी हात चुकून पडणार. पेटीच्या एका टोकाला, खाली मोटर असते म्हणून, आतून एक पायरीसारखा उंचवटा असतो. बाकी सगळे जण तिथे लोणी नाहीतर कोथिंबीर ठेवतात. दामेतकेनने तिथे धुतलेलं पांढरं फडकं अंथरलं आणि त्यावर एकटा झाम्बास ठेवला.

"आगा तोरवरच बसणार," ती सुनेला म्हणाली. "तळाशी बसायला ते काय लहान मूल आहेत?"

सून म्हणजे दुलातची बायको, तोर्गिन. मऊ बोलणारी, पडेल ते काम करणारी मुलगी; सासूला दुलातसारखंच 'अपा', म्हणजे आई, म्हणणारी. सासूचा शब्द म्हणजे तिला दगडावरची रेघ. दामेतकेन तिला सांगायची खूप: असं कर, तसं करू नको. का, ते मात्र सांगायची नाही. तिच्या सासूनेही तिला कधी सांगितलं नव्हतं. विजेच्या बाबतीतला नियम असा होता: वीज गेली की झाकण उघडायचं नाही आणि पेटीवर नमदा घालायचा. लोकरीचा जाड नमदा ऊब आत ठेवतो तसा गारवाही आत ठेवतो, हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं. वीज आली की दामेतकेन तो स्वतः काढायची, घडी करायची. काढताना कधी काही बोलायची नाही.

मे महिना उतरणीला लागला. गवत घोट्याच्या वर आलं. कुनिकेयचा फोन आला की बाबा बरे आहेत, डॉक्टर सोडतायत, जूनमध्ये आणते. दामेतकेनने त्या दिवशी घरातल्या सगळ्या काचा पुसल्या. आणि तेव्हाच दूरच्या गावी तिच्या नणंदेचा नवरा वारला. ती निघाली, सातव्या दिवसाचं जेवण होईपर्यंत राहणं भाग होतं. जाताना आठवडाभराचं मांस बाहेर काढून दिलं आणि तोर्गिनला बजावलं, "मी येईपर्यंत झाकणाला हात लावायचा नाही."

ती परतली तेव्हा थंड खोलीत पाऊल टाकताच थबकली. फ्रीझर दिसतच नव्हता. त्याच्या जागी उन्हाळी तंबूच्या नमद्यांनी चहूबाजूंनी गुंडाळलेलं, तंबूच्याच विणलेल्या पट्ट्यांनी घट्ट बांधलेलं काहीतरी उभं होतं. वरती नक्षी सरळ रेषेत यावी म्हणून पट्ट्यांना टाके घातलेले.

"हे काय गं?"

"अपा, तुम्ही गेलात आणि वारा सुटला, तारा तुटल्या. मी लगेच नमदा घातला, तुम्ही सांगितलं होतं तसा."

"आणि वीज आली तेव्हा?"

तोर्गिनचा चेहरा उजळला. "तेव्हा आणखी तीन घातले! नुसत्या एकाने एवढा गारवा राहतो, तर म्हटलं वीजही असली आणि नमदेही असले म्हणजे दुप्पट. आगा यायचेत ना."

"झाकण?"

"हात नाही लावला, अपा. एकदाही."

दामेतकेनने पट्टी सोडली, नमदे ओढून काढले. पेटीचा अंगचा पत्रा कोमट होता. आवाज नव्हता. नमद्यांच्या आत तो कधी बंद पडला, हे बाहेर कुणाला ऐकूच आलं नव्हतं. मोटरच्या जाळीतून जळक्या रबराचा वास येत होता.

फ्रीझर आतली ऊब ओढून आपल्या अंगाच्या पत्र्यातून बाहेर टाकत असतो. चालू पेटीला नमदा घातला म्हणजे उन्हात धावणाऱ्या माणसाला कातड्याचा कोट घातला. अति तिथे माती म्हणतात ती अशी. दामेतकेनने हे सगळं एका दमात, गल्लीभर ऐकू जाईल अशा आवाजात तोर्गिनला सांगितलं. मध्ये मध्ये सुनेच्या अकलेबद्दल जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तोर्गिन भिंतीला पाठ लावून उभी होती. रडत नव्हती, फक्त म्हणाली, "का ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत, अपा. मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

दामेतकेनने बाह्या वर केल्या. "बाजूला हो. झाकण उघडू दे."

कुणाला कळवायची गरज पडली नाही. आवाज गल्लीभर गेलाच होता. पाच मिनिटांत बाल्झिया मिठाची पिशवी आणि दोन सुऱ्या घेऊन दारात. जावेची फजिती बघायची अशी संधी तिला जन्मात मिळाली नव्हती, पण टोमणा तिने मारला नाही. नुसतं विचारलं, "तळाचं कसं आहे?"

तळाचं मांस अजून गार होतं. बाटल्यांतलं पाणी अर्धं बर्फ होतं, आणि त्यांच्या मधल्या पुड्यांना आतून कडकपणा होता. पेटी ठासून भरलेली, झाकण एकदाही न उघडलेलं. तिचे नियम पाळले होते तेवढं वाचलं होतं. वरचं मऊ पडलेलं पण चांगलं होतं. ते पातेल्यांत शिजायला आणि मिठात वाळायला गेलं. संध्याकाळपर्यंत दोन्ही घरांच्या चुली पेटलेल्या आणि तिन्ही बायकांचे हात कोपरापर्यंत तेलकट.

"उरलेलं माझ्याकडे आण," बाल्झिया म्हणाली. "माझा रिकामा केलाय."

"तुझ्यात जागा कुठली? बर्फ..."

"काढलं. नवऱ्याला बसवलंय दुपारपासून, गरम पाणी आणि लाकडी उलथनं देऊन. सुरीला हात लावशील तर तुला खुराड्यात झोपवीन म्हटलं." मग तिच्याकडे बघून, "रडू नको गं. चांगली दिसत नाहीस रडताना."

दामेतकेन रडत होती ते मांसासाठी नाही. उंचवट्यावरचं पांढरं फडकं तिने सगळ्यात शेवटी उचललं होतं. झाम्बास मोटरच्या बरोब्बर वर होता. ती मोटर जेव्हा तापून तापून जळत होती, तेव्हा तिच्या डोक्यावर हाच बसला होता. हाडाजवळ बोट दाबून तिने नाकाशी नेलं आणि तिला कळलं. सबंध पेटीत वाया गेलेला तुकडा हा एकच. तळाशी चारचौघांत टाकला असता तर वाचला असता; मान दिला, आणि मानाच्या जागेनेच घात केला. आणि ती जागा तोर्गिनने नव्हे, तिने स्वतः निवडली होती.

तो कुत्र्याला घालणं तिच्याच्याने झालं नाही. मेंढवाड्यामागे खड्डा खणून तिने तो पुरला, हात धुतले आणि आत येऊन तोर्गिनच्या शेजारी बसली. "चालू फ्रीझरला कोट घालायचा नाही, कारण तो घामाघूम होतो," ती म्हणाली. "आणि उंचवट्यावर भारी वस्तू ठेवायची नाही, कारण खाली मोटर आहे. हे मलाही आजच कळलं." तोर्गिनने मान हलवली आणि मग तिचा बांध फुटला. सासूने तिला रडू दिलं आणि तिच्या पेल्यात मलई जरा जास्त घातली.

दुलात कुरणावरून आला, मोटर तालुक्याला नेऊन बदलून आणली, आणि आईची समजूत काढायला बसला. "बाजारातून दुसरा झाम्बास आणतो की, अपा. म्हाताऱ्याला काय कळणार?"

"त्यांना नाही कळणार रे. पण त्यांच्या तोंडाकडे बघत मला चहा ओतायचाय."

जूनमध्ये आगा आला. काठी टेकत, अर्धा झालेला, पण चेहऱ्यावर तेच हसू. दामेतकेनने सकाळी मेंढी कापायला लावली होती. आगाला तोरवर बसवलं, शेजारी कुनिकेय, समोर दुलात, बाल्झिया आणि तिचा नवरा. मोठं ताट आलं. वर मेंढीचा झाम्बास, ताजा, वाफाळता. आगाने सुरी उचलली आणि दामेतकेनने ताटाच्या कडेवर हात ठेवला.

"आगा, आधी ऐका. हा तुमचा वाटा नाही." आणि उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं. नमद्यांचं सांगताना तोर्गिनचं नाव घेतलं नाही. घरात चूक झाली एवढंच म्हणाली. उंचवट्याचं मात्र सगळं स्वतःवर घेतलं. "शब्द दिला होता. माझ्या हातून राखला गेला नाही."

आगाचे खांदे थरथरायला लागले. कुनिकेय घाबरून औषधाची डबी शोधायला लागली, तेव्हा कळलं की म्हातारा हसतोय.

"मोटरवर बसवलंस मला? मोटरवर?" त्याने डोळे पुसले. "अगं, अख्खा जन्म मी मोटरवर बसून काढला. तिथे माझंच मांस उकडून गेलं, त्या घोड्याचं काय घेऊन बसलीस!"

सगळे हसले. दामेतकेनला हसू आलं नाही. आगाने ते बघितलं आणि लेकीकडे वळून म्हणाला, "आण ते."

कुनिकेय गाडीतून फोमची पेटी घेऊन आली. आत जुन्या शालीत आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, दगडासारखं गोठलेलं काहीतरी होतं. तिने ते दामेतकेनच्या हातात दिलं. "घ्या एकदाचं. हिवाळाभर यांनी आमच्या फ्रीजचा बर्फाचा कप्पा अडवून ठेवला, ताई. पोरांना आइस्क्रीम नाही. कुणी दार उघडलं की आतल्या खोलीतून ओरडायचे. दवाखान्यातून फोन करायचे तेही तब्येतीचं सांगायला नाही. आहे ना, हलवला नाही ना, हे विचारायला."

"काय आहे हे?"

"छातीचा तुकडा," आगा म्हणाला. "शहरात तीन घरांनी मिळून घोडा घेतला. त्यातला हा मी काढून ठेवायला लावला."

आमच्याकडे छातीचा तुकडा कुणाचा असतो, हे सांगावं लागत नाही. तो लग्न होऊन गेलेल्या लेकीचा. ती बापाच्या घरी येईल तेव्हा तिच्या पुढ्यात ठेवायचा. दामेतकेनने कुनिकेयकडे बघितलं.

"तिचा तिने कधीच खाल्ला," आगा म्हणाला. "हा दुसरीचा आहे. दरवर्षी तुझ्याकडचा झाम्बास खायचो आणि घरी जाऊन झोपायचो. यंदा तिथे खाटेवर पडल्या पडल्या डोक्यात आलं, की ही सगळ्यांचे वाटे ठेवते. हिचा कुठल्या घरी ठेवलेला असतो? मोजायला गेलो तर एकही घर निघेना. मग म्हटलं, आपण काय मेलोय का?"

दामेतकेनच्या हातातला गोठलेला तुकडा तिच्या बोटांना चिकटत होता. तिला बरंच बोलायचं होतं. इतकी वर्षं जे आठवून आठवून ती वाटा ठेवत आली होती, ते तिला एकदा तोंडाने म्हणायचं होतं. पण ती वळली आणि चुलीकडे जायला निघाली.

कुनिकेयने तिच्या हातातून तो तुकडा काढून घेतला. "माहेरवाशीण आपला वाटा आपण शिजवते का कुठे? बसा तुम्ही. तोर्गिन, पातेलं दाखव."

"बस की गं," बाल्झियाने तिला आगाच्या शेजारी ढकललं. "बसता येत नसेल तर मी शिकवते. मांडी घालायची आणि हुकूम सोडायचे."

मांस शिजायला सगळी दुपार गेली. तोवर दामेतकेन तिथेच बसली होती, हात मांडीवर, दर थोड्या वेळाने उठायला बघणारी आणि दर वेळी कुणीतरी खाली बसवलेली. आगा तिला शहरातल्या दवाखान्याच्या गमती सांगत होता. ती ऐकत होती, आणि आतून तिला इतकं भरून येत होतं की कुणी नुसतं नाव घेऊन हाक मारली असती तरी ती रडली असती. ताट आलं तेव्हा आगाने छातीचा तुकडा तिच्या पुढ्यात ठेवला, पहिला काप स्वतः कापला आणि आपल्या हाताने तिच्या तोंडात घातला. मग तळवे उघडून बाता दिली, तीही लेकीला देतात ती.

तोर्गिन रस्सा वाढायला वाकली. पहिल्यांदाच सासूसाठी पाहुण्यासारखं रांधलेलं. तिचा जीव टांगणीला लागला होता. "अपा, मीठ बरोबर झालंय का?" तिने हळूच विचारलं.

"मला काय विचारतेस?" दामेतकेन भरल्या तोंडाने म्हणाली. "माहेरच्या जेवणाला कुणी नावं ठेवतं का?"

आणि तिने वाडगा पुढे केला, आणखी वाढ म्हणून.